आबांची पापणी

आबा मारायला लागले की मी डोळे मिटून घ्यायचो, आणि डोळे मिटले म्हणून आणखी मार बसायचा. "डोळं उघड, मेल्या! बग माज्याकडं!" ते ओरडायचे. मी उघडायची शिकस्त करायचो, पण हात वर गेलेला दिसला की पापण्या आपोआप खाली यायच्या. त्या माझ्या ताब्यात नव्हत्याच. मग शिमटी पोटऱ्यांवरून चढत चढत पाठीवर यायची. शिमटी म्हणजे निरगुडीची बारीक हिरवी फांदी, पानं ओरबाडून काढलेली. तिचा वळ आधी पांढरा उठतो, मग लाल होतो, आणि मग दोन दिवस पालथं झोपावं लागतं.

मारायला कारण कुठलंही चालायचं. गुरं दुसऱ्याच्या कुळथात शिरली, कलमांना घालायचं पाणी वाटेत सांडलं, उत्तर द्यायला उशीर झाला. एकदा मी आंबे उतरवताना झेल्यातून, म्हणजे लांब बांबूच्या टोकाच्या जाळीतून, एक फळ खाली पाडलं. आबांनी तोच बांबू माझ्या खांद्यावर मोडला. आई मध्ये पडली, एक तडाखा तिच्या मनगटावर बसला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाटाला धडकले." आमच्या घरातला तो पाट फारच मारकुटा होता. आईला दर महिन्या-दोन महिन्यांनी धडकायचा.

मी आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे. कोणी नुसता पाना द्यायला हात वर केला तरी माझे डोळे अजून मिटतात. सोबतचे लोक चिडवतात, "डोळा कुणाला मारताय?" मी हसण्यावारी नेतो. आबा मात्र मला अजूनही चारचौघांत 'मिचमिच्या' म्हणतात. रागीट मीही आहे. बापाचं तेवढं वतन माझ्याकडे आलंय. मोबाईल भिंतीवर फोडलाय, जेवणाचा डबा गटारात फेकलाय. पण माणसावर हात टाकला नाही, बायकोवर नाही, मुलीवर नाही. हा माझा अभिमान होता. होता म्हणतो, कारण पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

आबांना साखरेचा आजार वीस वर्षांपासून. आमची ही म्हणते, "जन्मात गोड बोलले नाहीत, ते सगळं रक्तात साठलं." औषध मनाला येईल तेव्हा घ्यायचे. पथ्य म्हणजे त्यांच्या दृष्टीने घाबरट माणसांचा उद्योग. डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. उरलेल्या उजव्यासमोर गेल्या दिवाळीनंतर काळ्या माश्या उडायला लागल्या, मग जाळी आली, मग एका सकाळी त्यांनी ओट्यावरची कळशी समजून कुत्र्यालाच उचलायला हात घातला. कुत्रं चावलं. त्यांनी कुत्र्याला असं हाणलं की ते पुन्हा आमच्या घरी आलं नाही. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की म्हाताऱ्याला दिसत नाही.

डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. रत्नागिरीत ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई घाटावरच्या, बोलायला फटकळ, हाताला हलक्या. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "आतलं रक्त साफ केलंय. पण मध्येच बुबुळावरची काच धूसर झाली, आतलं मला दिसेना. म्हणून काचेवरची पातळ साल खरवडून काढावी लागली. धडधाकट माणसाची चार-पाच दिवसांत भरून येते. यांची साखर बघता वेळ लागेल. ती भरेपर्यंत हा डोळा म्हणजे उघडी जखम समजा. धूळ नाही, धूर नाही, जड उचलणं नाही. एकच डोळा आहे यांना, लक्षात ठेवा."

पाच दिवस गेले, दहा गेले, साल भरेना. पंधराव्या दिवशी त्यांनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं आणि निळा दिवा लावला. यंत्राच्या पडद्यावर आबांचा डोळा ताटाएवढा दिसत होता आणि मधोमध हिरवागार डाग चमकत होता. जिथे साल नाही तिथे तो रंग धरतो, असं त्यांनी सांगितलं. आबा मात्र खुर्चीत आरामात बसले होते.

"दुखतं का, आजोबा?"

"कायसुद्धा नाय."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कापसाची एक बारीक वात ओढून काढली आणि बाजूने, आबांना दिसणार नाही अशी, हळूच नेऊन बुबुळाला टेकवली. चक्क टेकवली. मी मागे उभा होतो, माझे दोन्ही डोळे गच्च मिटले. उघडून बघतो तर कापूस अजून तिथेच, आणि आबांचा डोळा सताड उघडा. पापणी हललीसुद्धा नव्हती.

"कधी लावताय?" आबांनी विचारलं.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "ते ओरडले असते ना, तर मला बरं वाटलं असतं. साखरेनं पायाच्या नसा मरतात तशा डोळ्याच्याही मरतात. दुखत नाही म्हणून पापणी लवत नाही, पापणी लवत नाही म्हणून डोळा कोरडा पडतो, आणि ज्या नसा जखम भरायला मदत करतात त्याच मेलेल्या. आता पापण्या चिकटपट्टीनं बंद ठेवायच्या, मलम घालायचं, साखर आवरायची. तुम्ही लक्ष ठेवा. त्यांना कळणार नाही, म्हणून तुम्हाला कळलं पाहिजे."

येताना रिक्षात माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. ज्या माणसानं मला डोळे मिटल्याबद्दल मारलं, त्याला आता डोळा मिटता येत नव्हता. मला हसू येत होतं. पोटातून येत होतं. मी तोंड बाहेर काढून वाऱ्यावर धरलं, कारण हसलो असतो तर ते कधी थांबलं असतं कोण जाणे.

घरी मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावून बघितलं. "आबा, हा साका आहे. फळ बाहेरून सोन्यासारखं, दाबून बघा, वास घ्या, काही कळत नाही. कापलं की आत पांढरं, नासलेलं. तुमच्या डोळ्यात साका झालाय."

"माज्या बागेतल्या आंब्यात कंदी साका निघाला नाय," ते म्हणाले. विषय संपला.

पुढचे आठ दिवस घरात रणधुमाळी होती. डोळ्यावर पट्टी म्हणजे आबा पूर्ण आंधळे. आंधळा झालेला रागीट माणूस चौफेर मारतो, कारण समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही. भाताऐवजी नाचणीची भाकरी वाढली म्हणून त्यांनी ताट भिरकावलं, ते हिच्या कपाळाला लागून खोक पडली. औषधाची बाटली अंगणात गेली. साखरेची सुई टोचायला गेलो तर काठी माझ्या गुडघ्यावर बसली, अगदी वाटीवर, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी लंगडत कामावर जात होतो. पट्टी ते दिवसातून चारदा ओरबाडून काढायचे आणि म्हणायचे, "दुकत नाय तर बांदायचं कशाला? जखमेला दुकवायची अक्कल असते."

हे वाक्य ते गावभर सांगत सुटले. लोकांना पटायचंही. आमच्याकडे दुखणं म्हणजे दुखलं पाहिजे. न दुखणाऱ्या दुखण्याला कोणी दुखणं म्हणत नाही, चोचले म्हणतात.

आणि तेवढ्यात शिमगा आला.

आमचं गाव पावसच्या बाजूला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आमच्या वाडीची रीत अशी, की पालखी अंगणात आली की घरच्या कर्त्यानं खांदा द्यायचा आणि तुळशीभोवती ती नाचवायची. कर्ता थकला असेल तर त्यानं आपल्या हातानं मुलाला नारळ द्यायचा, मग खांदा मुलाचा. नारळही दिला नाही आणि खांदाही दिला नाही, तर तो मान भावकीतल्या पुढच्या घराला जातो आणि पुन्हा परत येत नाही. पुढचं घर म्हणजे आबांच्या चुलत भावाचं. हे माझे काका तीस वर्षं त्या मानावर डोळा ठेवून बसलेले.

मी आदल्या सकाळी आबांपुढे बसलो. "नारळ द्या मला. मी नाचवतो पालखी. गुलाल उडणार, धक्के बसणार, तुमच्या डोळ्याची जखम उघडी आहे."

"तुला?" ते म्हणाले. "गुलालाची मूठ उडाली तर तू डोळं मिटशील. पालखी तुळशीवर आपटशील. मिचमिच्या मेल्या, तुज्या हातात नारळ देऊ?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी जमिनीवर इतक्या जोरात आपटला की त्याला पोचा आला. मग उठून कामाला गेलो. पण पालखीच्या दिवशी रजा काढून घरी थांबलो. ठरवलंच होतं, त्यांना दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही.

दुपारी खालूबाजा वाडीच्या तोंडाशी आला. ढोल, ताशे, सनई. आवाज ऐकताच आबा खाटेवरून उठले, धोतर कसलं, डोक्याला फेटा गुंडाळला आणि दाराकडे चाचपडत आले. मी दाराला कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभा राहिलो.

"बाजूला हो."

"नाही होणार."

"जल्ली मेली ती पालखी!" ही मागून रडत म्हणाली. देवीच्या बाबतीत तिच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "आबा, एकच डोळा आहे हो!"

आबांनी आवाजाच्या रोखानं काठी चालवली. ती तिला लागली नाही, मला लागली, कानशिलावर. दुसरी खांद्यावर. तिसरी उचलली तेव्हा माझे डोळे मिटले. समोरच्याच्या डोळ्यांवर पट्टी होती, तो मला बघतही नव्हता, तरी मिटले. त्याचाच मला एवढा संताप आला की मी काठी धरली, हिसकली, फेकली आणि उजव्या हातानं त्यांच्या गालावर ठेवून दिली. फटका दाराच्या लाकडावर बसावा तसा वाजला. फेटा सुटून खांद्यावर आला.

बाहेर ढोल वाजत होता. माझा तळहात जळत होता. आबा गालाला हात न लावता उभे होते. मग ते हळूच म्हणाले, "आत्ता. आत्ता तू माजा."

रागानं नाही, समाधानानं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला आपलं म्हटलं ते या एका कारणासाठी. मी दारापासून सरकलो का त्यांनी मला सरकवलं, आठवत नाही. त्यांनी डोळ्यावरची पट्टी ओढून काढली, कडी उघडली आणि बाहेर गेले.

अंगणात काका पालखीच्या दांड्याला हात लावून तयारच होते. "दादा, पालखी ताटकळली. खांदा देनार का नाय?"

आबांनी उत्तर म्हणून कोपर मारलं. काका मागच्या मागे तुळशीच्या कट्ट्यावर आदळले, ओठ फुटला, दात रक्तानं लाल झाले. लोक हसले, शिमग्यात एवढं चालतं. आबांनी खांदा घातला आणि पालखी नाचायला लागली.

खोटं बोलणार नाही, ते नाचले सुंदर. बहात्तर वर्षांचा माणूस, अर्धा आंधळा, पण पायांना अंगणाचा कोपरान् कोपरा पाठ. पालखी वर गेली, खाली आली, गर्रकन फिरली. लोक बेभान झाले. गुलालाच्या मुठी उडायला लागल्या. एक मूठ सरळ आबांच्या तोंडावर आली. मी ओट्यावरून पाहत होतो. कपाळ लाल, मिश्या लाल, आणि उजवा डोळा लाल. डोळा उघडाच. बुबुळावर गुलालाचा थर बसलेला आणि पापणी लवत नव्हती.

"बगा, बगा!" कोणीतरी ओरडलं. "पापनी हलत नाय! देवी हाय अंगात!"

झालं. सगळ्या अंगणाला ते दिसलं. बायका पुढे आल्या, एकीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, दुसरीनं आरती ओवाळली. काकांनीसुद्धा फुटक्या ओठांनी हात जोडले. आणि देवीचं तेज नीट पाहायला मिळावं म्हणून लोक आणखी गुलाल टाकायला लागले, नेम धरून, डोळ्यातच. दुसरी मूठ, तिसरी मूठ. आबांचा डोळा सताड.

मी धावलो. "अरे थांबा! देवी नाही, साखर आहे ती! त्यांना कळत नाही काही! डोळा जाईल त्यांचा!" मी गर्दीत घुसून त्यांच्या खांद्यावरचा दांडा धरला. पालखी कलंडली. मग काय, चौघांनी मला मागे खेचलं. "देवीच्या खांद्याला हात घालतोस?" कोणाची तरी मूठ माझ्या पोटात बसली, कोणाची तरी टाच पायावर. दोन-चार थपडा बसल्या. मी डोळे मिटून घेतले आणि खाली बसलो.

संध्याकाळी आम्ही तो डोळा धुतला. पाणी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. आबा खुशीत होते. "बगितलंस? कायसुद्धा झालं नाय."

चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तांदळाच्या कणीएवढा. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पाहिलं आणि हातातलं पेन टेबलावर आपटलं. "काय केलंत? कशासाठी केलंत?" मी सांगितलं. त्या आवाज चढवून म्हणाल्या, "जखमेत पू झालाय. आणखी दोन दिवसांनी आला असतात तर काच फुटली असती आणि डोळा काढून टाकावा लागला असता. आताही वाचेल असं मी सांगत नाही." मग त्यांचं लक्ष आबांच्या गालाकडे गेलं. चार बोटांची निळी खूण अजून होती. "हे काय?"

मी उजवा हात खिशात घातला.

"पालखीचा दांडा लागला," आबा म्हणाले.

आमच्या घरात तेव्हा पाट होता, आता दांडा. वारलेल्या आईचं खोटं आबांच्या तोंडात आलं होतं, आणि आईला मारणाऱ्याच्या जागी आता मी होतो.

पुढचे दोन महिने मी बिनपगारी रजेवर होतो. बाग यंदा दुसऱ्याला करायला दिली. आधी दर तासाला जंतू मारायचं औषध, दिवसरात्र. जंतू मेले, पण साल काही भरेना. हिरवा डाग वाटाण्याएवढा, तसाच्या तसा. मग बाईंनी आबांच्या दोन्ही पापण्या बाहेरच्या बाजूनं एकमेकींना शिवून टाकल्या, औषध जायला नाकाकडची फट तेवढी ठेवली. पुढे आबांच्याच दंडातून रक्त काढलं, ते यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं केलं आणि त्याचे थेंब डोळ्यात घालायला दिले. जखमेला जे खत नसांकडून मिळत नाही ते यातून मिळतं, असं त्या म्हणाल्या. त्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. हिनं त्यांना वेगळा डबा केला, आणि त्या खणात बांगडे ठेवायचे नाहीत असं घरात फर्मान काढलं.

"माजंच रगत माज्या डोळ्यात," आबा म्हणाले. "एवडी वर्सं दुसऱ्याचं काडलं." हसले नाहीत. मीही हसलो नाही.

ते बदलले म्हणून मी सांगणार नाही. शिव्या देत होते. भाकरी फेकली नाही, पण ती जमिनीत पुरण्यालायक आहे असं रोज सांगत होते. हात मात्र उचलला नाही, आणि त्या थपडेविषयी एक अक्षर काढलं नाही. मीही माफी मागितली नाही. शब्द घशापर्यंत यायचे, तिथे निरगुडीची शिमटी आडवी यायची. याने माझ्या आईला मारलं, मी याची माफी मागू? आणि दिवसातून सोळा वेळा मी त्यांच्या तोंडावर उजवा हात वर उचलायचो, तोच हात, बाटली धरलेला. ते उताणे पडलेले, शिवलेल्या डोळ्याची फट वर. थेंब पडायचा. काही हलायचं नाही. कधीकधी मी हात मुद्दाम थोडा वेळ तसाच वर धरून ठेवायचो. का, ते मला सांगता येतं, पण लाज वाटते. मला ते आवडत होतं. मी हात उचललाय आणि त्यांना पत्ता नाही, हे मला आवडत होतं.

डाग वाटाण्याचा मसुराएवढा झाला. मग मोहरीएवढा. साखर हिनं धाक दाखवून, गोड बोलून, डबे कुलपात घालून ताळ्यावर आणली. आंबा संपला, फणस पडायला लागले, तेव्हा एका सोमवारी बाईंनी पिवळं औषध टाकलं, निळा दिवा लावला आणि पडद्यावर हिरवं काहीच दिसेना. एक टिंब नाही. त्यांनी पापण्यांचे टाके कापले. मग कापसाची वात काढली आणि बाजूनं हळूच टेकवली.

पापणी थरथरली. जेमतेम, झोपेत मुलाची हलते तशी. बाईंनी पुन्हा टेकवली. पुन्हा थरथरली.

"आजोबा, काही लागलं?"

"कायतरी चावलं," आबा चिडून म्हणाले. "काय करतंय तरी काय बाई!"

त्या फटकळ बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. काचेवर व्रण राहिला होता, वाचायला कधीच येणार नव्हतं, पण माणूस दिसेल, दार दिसेल, हाताची बोटं मोजता येतील असं त्या म्हणाल्या. डोळा वाचला होता. मला इतका आनंद झाला की मी खाली रसवंतीत जाऊन दोन ग्लास उसाचा रस घेतला आणि मग आठवलं की दुसरा ज्यांच्यासाठी घेतला त्यांना साखर आहे. दोन्ही मीच प्यायलो.

घरी आलो. थेंबांची वेळ झाली होती. आबा ओट्यावर खुर्चीत बसले होते, अंगणात लख्ख ऊन होतं. आता डोळा पूर्ण उघडा होता. मी बाटली घेतली, त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो आणि रोजच्यासारखा हात वर केला.

त्यांचे दोन्ही डोळे गच्च मिटले. मान एका बाजूला गेली, खांदा वर आला, आणि कोपर तोंडापुढे आलं.

मी ते कोपर ओळखलं. ते माझं होतं. आठ वर्षांच्या, दहा वर्षांच्या, बांबू मोडला त्या दिवशीच्या माझं. दोन महिने त्यांना माझा हात दिसला नव्हता. आता दिसत होता, आणि शेवटचा हात लागला होता तो कसा, ते त्यांच्या अंगाला आठवत होतं.

"आबा, डोळे उघडा," मी म्हणालो, आणि माझाच आवाज ऐकून मला भडभडून आलं. हे वाक्य या घरात कोण म्हणायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "औषध आहे, आबा. नुसतं औषध आहे. चुकलं माझं."

त्यांनी कोपर खाली घेतलं नाही. "घाल," ते कोपरामागून म्हणाले. "मी काय घाबरलो नाय." पण डोळे उघडले नाहीत, म्हणजे उघडायचे आणि परत मिटायचे. ते त्यांच्या ताब्यात नव्हते. शेवटी मी त्यांच्या पायांशी खाली बसलो आणि हात खालून, हनुवटीकडून वर नेला, तेव्हा कुठे थेंब आत गेला.

तेव्हापासून मी हात खालूनच नेतो. तरी पापणी मिटते. मागच्या वेळी बाईंना सांगितलं, की हल्ली मी नुसता जवळ गेलो तरी त्यांचे डोळे मिटतात. त्या म्हणाल्या, उत्तम, दिसतंय आणि जाणवतंय, यापेक्षा चांगलं लक्षण नाही.